निरगाठ

१

पान फाटलेलं नव्हतं. काढलेलं होतं.

यात फरक आहे, आणि तो मला कळतो, कारण तीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. फाडलेल्या पानाची कड दातरी राहते. हे पान शिवणीला पट्टी लावून हलक्या हातानं सोडवून नेलं होतं. नेणाऱ्याला घाई नव्हती, आणि वही दुखावू नये एवढी काळजीसुद्धा होती.

"काय झालं?" समोर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चोरी झाली," मी म्हटलं. "माझ्या खोलीत. माझ्या कुलपाआड."

आमच्या केंद्रात मला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला काय ऐकू येत नाही? दप्तराच्या खोलीत सव्वीस कपाटं आहेत, सव्वीस कुलपं आहेत आणि सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. वह्यांचे गठ्ठे मी स्वतः बांधते, सुरगाठीनं, म्हणजे एक टोक ओढलं की झटकन सुटतं. त्या सकाळी मात्र गठ्ठा सुटेना. दोन वेढ्यांची घट्ट निरगाठ बसली होती. माझं नख मोडलं. शेवटी "कोण मेलं बांधतं असं!" म्हणत मी कात्री घातली, दोरीचा तुकडा टोपलीत फेकला आणि मग वही उघडली.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मेलेली रानजनावरं येतात. खोकड, मुंगूस, उदमांजर, असली लहान शिकारी जात. गाडीखाली आलेली, विहिरीत पडलेली. आम्ही त्यांची आतडी उघडून बघतो, की माणसाला बाधेल असं आत काही राहतंय का. खोकडाच्या आतड्यात एक पट्टकृमी असतो, अर्ध्या तांदळाएवढा. खोकडाला त्याचा काही त्रास नाही, हजारोंनी पोटात घेऊन ते मजेत हिंडतं. पण त्याची अंडी, डोळ्याला न दिसणारी, माणसाच्या तोंडात गेली तर यकृतात घर करतात. तिथे गाठ धरते. पाच वर्षं, दहा वर्षं ती मुकाट वाढत राहते. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

आमच्या सुरीदादाला दोन आठवड्यांपूर्वी कळलं.

दादा म्हणजे आमचा कापणारा. वीस वर्षं त्या टेबलावर उभा आहे. त्याच्या यकृतातली गाठ इतकी पसरली होती की ती काढता येणार नव्हती. आता आयुष्यभर गोळ्या, आणि त्या लागू पडल्या तर ठीक. हे सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः दवाखान्यातून आल्या होत्या, पण त्यांना खरं बोलायचं होतं ते वेगळंच.

"टेबलावर नेहमी दोघं असतात ना?" त्या म्हणाल्या. "एक कापणारा, एक धरणारा. दादांच्या गाठीवरून हे आठ-दहा वर्षांपूर्वीचं दिसतंय. त्या दिवशी धरायला जे कुणी होतं, त्याच्या पोटातही हेच वाढत असणार. तुमचे आत्ताचे धरणारे आम्ही तपासले, सगळे ठणठणीत आहेत. मग उरतो तो कोण? तो आज बाहेर कुठेतरी हसतखेळत हिंडत असेल. त्याची गाठ अजून लहान असेल तर कापून काढता येईल. वर्षभरानं नाही येणार. मला तो माणूस शोधून द्या."

कोणत्या दिवशी टेबलावर कोण होतं हे त्या वहीत असतं, म्हणून मी ती उघडली होती. आणि तिच्यातलं एक पान नव्हतं.

२

दुपारी नेहमीप्रमाणे आक्का चहाला माझ्या खोलीत आली.

आक्का म्हणजे आमची पेटीवाली. खोकडातली ती अंडी साध्या फ्रीजला दाद देत नाहीत, महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यासाठी वेगळी पेटी आहे, उणे ऐंशीची. जनावर पिशवीत घालून सात दिवस पेटीत ठेवलं की ते 'मुरलं', तोवर ते 'कच्चं'. कच्च्याला हात लावायची कुणाची टाप नाही. मुरलेल्याला मात्र साधा अ‍ॅप्रन आणि पातळ हातमोजे पुरतात, तोंडाला फडकंसुद्धा कुणी बांधत नाही. आणि मुरलं हे ओळखायचं कसं? पिशवीच्या गळ्यात दोरा असतो. आक्का रोज सकाळी पेटी उघडते आणि त्या दोऱ्यावर एक गाठ मारते. सात दिवस, सात गाठी. मग पिशवी टेबलावर जाते. काम झालं की आतड्याचा तुकडा बरणीत, आणि तोच दोरा बरणीच्या गळ्यात, कायमचा पुरावा म्हणून.

नवीन पोरं हसायची. पेटीवर गारवा नोंदवणारं काट्याचं यंत्र असताना दोरे कसले बांधता म्हणायची. पण यंत्र तीनदा बंद पडलं आणि आक्का एकदाही नाही. "आक्काची गाठ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं दादा म्हणायचा.

"पान गेलं म्हणे," आक्का म्हणाली.

"गेलं नाही, नेलं. आणि नेणारा महामूर्ख आहे."

"का गं?"

"अगं, आठ-दहा वर्षांत साडेतीनशे जनावरं कापली दादानं. त्यातलं कोणतं कच्चं होतं हे कुणाच्या बापाला कळलं असतं? मी जन्मभर शोधत बसले असते. पण चोरानं नेमकं एकच पान नेलं. दोनशे बारा, तेरा आणि चौदा. म्हणजे बोट ठेवूनच सांगितलं की बाई गं, इथे बघ. चोराच्या मनात चांदणं!"

आक्कानं कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

"पीत का नाहीस?"

"हल्ली आंबट लागतो," ती म्हणाली आणि उजव्या बरगडीखाली हात ठेवून उठली. किल्ली सांभाळायची तिची सवयच ती, असं मला वाटलं. पेटीची एकुलती एक किल्ली ती कमरेला बांधते, झोपतानासुद्धा काढत नाही म्हणतात.

ती दाराशी थांबली. "आणि तो धरणारा सापडलाच नाही तर?"

"तर तो मरेल," मी म्हटलं. "न कळता मरेल."

ती गेली.

३

गेल्या पंधरवड्यात माझ्या खोलीत मी नसताना तिघंच येऊन गेली होती. मोठे डॉक्टर, गाडीवाले मामा आणि आक्का. आक्काला मी यादीत धरलंच नाही. आपला हात कुणी संशयितांत धरतं का?

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख. मी गेले तेव्हा ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत होते. ती आधीच सरळ होती.

"उंदरांनी खाल्लं असेल," ते म्हणाले.

"पट्टी लावून?"

"बाई, तुम्ही यात पडू नका. आपल्या इथे कच्चं जनावर कधीच उघडलेलं नाही. दादांना बाहेर कुठेतरी लागण झाली. शेतातल्या भाजीवरून होते, कुत्र्यावरून होते."

"मग एवढ्या वर्षांत धरायला जी एक्केचाळीस शिकाऊ मुलं येऊन गेली, त्यांना साधं पत्र तर पाठवा. तपासून घ्या म्हणावं."

"पत्र पाठवलं की गावभर बोंब. केंद्र बंद करतील!" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुरावा आणा. एका दिवसाचा, एका जनावराचा. मी लगेच सही करतो. नुसत्या संशयावर एक्केचाळीस घरांत भीती नाही पाठवणार मी."

गेल्या मंगळवारी त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून नेली होती, हे मी विसरले नव्हते. तसं तोंडावर विचारलं.

"हो, वही बघायला गेलो होतो," ते म्हणाले. "पण गठ्ठा सुटेना. दोन वेढे मारून आवळलाय तुम्ही. कंटाळून परत आलो."

माणूस खोटं बोलताना असली बारीक गोष्ट जोडत नाही. म्हणजे मंगळवारी गाठ आधीच बसलेली होती.

मामा गाडीखाली होते. फक्त पाय दिसत होते, त्या पायांशीच बोलावं लागलं.

"मामा, आठ वर्षांपूर्वीचं विचारतेय. दोनशे बारा, तेरा, चौदा. पावसाळा संपतानाची खोकडं."

"मला काल काय जेवलो ते आठवत नाही, कुलूपबाई."

"तोंडावर म्हणालात!"

"गाडीखालून म्हणालो." मामा हसत बाहेर आले. मग कपाळ चोळत म्हणाले, "थांबा. तेव्हाच आक्का गेली होती ना, लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा? होती तशी पळाली होती. आठवडाभर नव्हती. रजेचा अर्जसुद्धा दिला नव्हता, मोठ्या डॉक्टरांनी डोळेझाक केली."

"मग आठवडाभर आलेली जनावरं?"

"एकच आलं. मीच ठेवलं पेटीत. आक्का आल्यावर तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ही बघ, पेटीत आठ दिवस झाले, गाठी तेवढ्या राहिल्या." मामा फडक्यानं हात पुसू लागले. "का हो? चुकलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. पण कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

४

संध्याकाळी दादाला भेटायला गेले. तो पिवळा पडला होता, डोळ्यांपर्यंत पिवळा. त्याची बायको, वहिनी, उशाशी बसून त्याच्या बोटांची नखं कापत होती.

"ताई, आठवत नाही गं," दादा म्हणाला. "धरणारे किती आले, किती गेले. मी जनावराकडे बघतो, धरणाऱ्याच्या हातांकडे बघतो. तोंडाकडे कोण बघतंय?"

"आणि पिशवी कच्ची आहे की मुरलेली, ते कसं बघायचास?"

"गाठी मोजायचो. सात झाल्या की सुरी. आक्काला कधी विचारलं नाही, विचारणं म्हणजे तिचा अपमान." त्यानं वहिनीच्या हातातून बोटं सोडवली. "त्याला शोध हं. माझं जे व्हायचं ते होईल. पण त्या माणसाला वाटत असेल आपण बरे आहोत, या विचारानं मला झोप लागत नाही. मीच सुरी घातली ना."

निघताना वहिनी दारापर्यंत आली.

"केंद्रातलं सगळं माणूस येऊन गेलं," ती म्हणाली. "मोठे डॉक्टरसुद्धा. आक्का तेवढ्या नाही आल्या. वीस वर्षं ह्यांच्याबरोबर आहेत हो त्या. काही चुकलं का आमचं?"

मी म्हटलं, तिला दवाखान्याची भीती वाटते. हे मी आत्ताच बनवलंय, हे माझं मला कळलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. कारण आक्काला कसलीच भीती वाटत नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरण्यांच्या खोलीत गेले. दोनशे बारा, तेरा, चौदा. तिन्ही जागच्या जागी होत्या, तिन्हींच्या गळ्यात दोरे. चोराला बरण्यांची आठवण झाली नव्हती, किंवा झाली असली तरी सात गाठी त्या सातच गाठी, त्यात काय दिसणार, असं वाटलं असेल.

मी दोरे सोडवून पांढऱ्या कागदावर ओळीनं ठेवले.

दोनशे बाराच्या गाठी ओबडधोबड होत्या. एक सैल, एक वाकडी, एक मोठी. बरोबरच आहे. रोज पेटी उघडायची, दोरा गोठून काडीसारखा ताठ, हातात जाडजूड मोजे, तशात गाठ मारायची. नीट बसणार कशी? दोनशे चौदाही तसाच.

दोनशे तेराचा दोरा मी उचलून उजेडात धरला. सातही गाठी एकसारख्या, छोट्या, घट्ट, सारख्या अंतरावर. मऊ दोऱ्यावर, उघड्या बोटांनी, एका जागी बसून मारलेल्या. सात दिवसांच्या नाहीत त्या. एका बैठकीच्या.

हजेरीपुस्तकात आठवड्याच्या सह्या सोमवारी एकदम करणारी माणसं मी पाहिली आहेत. सगळ्या सह्या एका शाईच्या, एका वळणाच्या, एका झपाट्याच्या. ही तशीच गोष्ट होती. मागची भरपाई. आणि गाठीची पद्धत तर मला पाठ होती. दोन वेढे, मग आवळ. पेटीतला दोरा सुटू नये म्हणून ती एकच बाई तसं बांधते.

दोन वेढे.

मी धावत माझ्या खोलीत आले. टोपली अजून रिकामी केलेली नव्हती. दोरीचा तुकडा वर काढला. कात्रीनं कापला होता, पण गाठ शाबूत होती. दोन वेढे, मग आवळ. सवयीचा हात कुठे लपतो? वही बांधताना तिनं डोकं चोराचं वापरलं आणि बोटं स्वतःची.

मग मामांचं बोलणं आठवलं आणि मुरणारं पाणी कुठलं ते दिसलं. 'मीच ठेवलं पेटीत.' कसं ठेवलं? किल्ली एकच आहे आणि ती आक्काच्या कमरेला होती, दूर लेकीच्या घरी. आमच्याकडे पेटी म्हटलं की उणे ऐंशीची, दुसऱ्याला आम्ही फ्रीज म्हणतो. पण मामा गाडीवाले. त्यांच्या लेखी थंड करणारी प्रत्येक चौकोनी वस्तू पेटीच. खोकड आठ दिवस दाराजवळच्या साध्या फ्रीजच्या बर्फाच्या खणात पडून होतं. दगडासारखं कडक, आणि आत सगळं जिवंत.

आक्कानं 'पेटीत आठ दिवस' एवढं ऐकलं आणि राहिलेल्या गाठी मारून टाकल्या.

ती चोर का झाली हे कळलं. पण धरणारा? त्यासाठीच तर सगळं चाललं होतं. पान नव्हतं, पण माझ्याकडे आणखी एक वही आहे, जिला कुणी वही म्हणतच नाही. धुण्याची. टेबलावरचे अ‍ॅप्रन त्याच दिवशी उकळायला जातात आणि प्रत्येकावर नंबर शिवलेला असतो. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांत तारखा होत्या, मी त्या महिन्यावर बोट ठेवलं. दोनशे बाराच्या दिवशी अ‍ॅप्रन चार आणि सात. चौदाच्या दिवशी चार आणि सात. चार नंबर दादाचा. सात नंबरवाला अजून आमच्याकडेच आहे, तपासलेला, ठणठणीत.

दोनशे तेराच्या दिवशी, चार आणि अकरा.

मी खुर्चीत बसले. अकरा नंबर कुणाचा हे बघायला मला यादी लागत नाही. अकरा नंबर रोज दुपारी माझ्यासमोर बसून चहा पितो. आणि हल्ली अर्धा टाकतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक्केचाळीस घरांत शोधत होते मी.

६

आक्का पेटीच्या खोलीत होती. सकाळच्या गाठी मारून झाल्या होत्या, मोजे काढत होती. पेटीची घरघर चालू होती. मी दार लावून घेतलं आणि टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: दोनशे तेराचा दोरा, टोपलीतला तुकडा आणि धुण्याची वही.

तिनं दोऱ्याकडे पाहिलं. वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"धुण्याची वही," ती म्हणाली. "तेवढीच विसरले."

"कधी कळलं तुला?"

"दादाचं ऐकलं त्या दिवशी. पेटी उघडायला किल्ली हातात घेतली आणि हात तिथेच थांबला. म्हटलं, तेव्हा किल्ली तर माझ्याबरोबर होती. मग मामानं पेटी उघडली कशी?" ती स्टुलावर बसली. "आठ वर्षं हा प्रश्न पडला नाही गं मला. लेक वाचली होती, नातू झाला होता, मी आनंदात होते. त्या दिवशी सात नंबरवाला आला नव्हता. दादा म्हणाला, आक्का, जरा धरता का. मी धरलं. त्याला लेकीच्या गमती सांगत होते. हसत होतो आम्ही, तोंड उघडं टाकून."

"आणि पान?"

तिनं अ‍ॅप्रनच्या खिशातून घडी काढली. पान मेणकागदात गुंडाळलं होतं, जराही चुरगळलेलं नव्हतं.

"जाळणार होते. नाही जाळवलं. तुझी वही आहे ना."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. असा राग आला की पेटीचा आवाज ऐकू येईना.

"शहाणी आहेस! दादा तिकडे डोळे मिटत नाही, त्या दुसऱ्या माणसाच्या काळजीनं. मी दोन दिवस दारोदार फिरतेय. आणि तू माझ्यासमोर बसून विचारतेस, 'सापडलाच नाही तर?'"

"तूच उत्तर दिलंस," ती शांतपणे म्हणाली.

"तपासून का नाही घेतलंस?"

"तपासायला गेले की कारण सांगावं लागतं. तीस वर्षं लोकांनी माझ्या गाठीवर डोळे मिटून जीव टाकला. दादानं मोजल्या आणि सुरी घातली. त्याला काय तोंड दाखवू? वहिनीला काय सांगू, की मी एकदा आळस केला?" ती उजव्या बरगडीखाली हात दाबून होती. किल्ली डाव्या बाजूला लोंबत होती, हे मला आत्ता दिसलं. "आणि मी विचार केला, बाई. त्या दिवशी टेबलावर दोघंच. दादाचं तर कळलंच आहे. दुसरी मी. तिसरं कुणी नाही. मग मी लपवलं तर नुकसान कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

"माझं नुकसान. तू मेलीस तर दुपारी मी काय करू? सव्वीस कुलपांशी बोलू? इथे एका माणसाला माझं नाव तोंडावर घ्यायची हिंमत नाही, तू तेवढी मला शिव्या घालतेस. तुझ्या गाठीची लाज राखायला तू जीव देणार आणि मी काय, वहीत नोंद करू?"

आक्का रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. रडतानाही बोटं दोऱ्याशी चाळा करत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "अ‍ॅप्रन काढ. किल्ली दे इकडे."

किल्ली सोडायला तिला फार वेळ लागला. निरगाठच होती ती. मी कात्री काढली नाही, थांबून राहिले.

"मामाला सांगू नकोस," ती म्हणाली. "तो मरेल बिचारा."

७

पान मी वहीत परत शिवलं. शेरा लिहिला: 'पेटी म्हणजे कोणती, हे विचारलं गेलं नाही.' नाव कुणाचं घातलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी वाचलं, दोरे पाहिले आणि एक्केचाळीस पत्रांवर सह्या केल्या. एका बैठकीतला एक दोरा सापडला तर आणखी असणार नाहीत कशावरून, हे त्यांनीच विचारलं. मीही तेच विचारत होते. साडेतीनशे बरण्यांचे दोरे मी एकेक करून बघतेय. एकशे साठ झाले आहेत. अजून तरी सगळे ओबडधोबड निघालेत.

आक्काच्या यकृतात गाठ होती. लिंबाएवढी, एका कडेला. "काढता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आधी आठवडाभर गोळ्या द्यायच्या, मग शस्त्रक्रिया. आणि खरं सांगू का, वेळेवर आणलंत." दादाच्या गोळ्या लागू पडतात की नाही, हे अजून कुणी सांगू शकत नाही.

दादाच्या खोलीपर्यंत मी तिला हाताला धरून नेलं. ती दारातच थांबली.

"दादा," ती म्हणाली, "ती दुसरी मी होते. आणि गाठी मी एकदम मारल्या होत्या."

वहिनीच्या हातातून पेला सुटला. कुणी उचलला नाही. दादानं आक्काकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता हा तिला हाकलेल, आणि हाकललं तर त्याचं काही चुकणार नाही.

"सापडली एकदाची," तो म्हणाला. "आता झोप लागेल." मग डोळे न उघडताच म्हणाला, "राग आहे, आक्का. खूप आहे. पण तो उद्या. आज बसा."

ती बसली. वहिनीनं तोंड फिरवलं, पण स्टूल तिनंच पुढे सरकवलं होतं.

मी पिशवीतून दोऱ्याचे दोन तुकडे काढले. एक दादाच्या खाटेच्या दांडीला बांधला, एक आक्काच्या हातात दिला. सिस्टरनं आक्काला पहिली गोळी दिली. तिनं ती पाण्याबरोबर घेतली आणि दोऱ्यावर दोन वेढे घालून एक गाठ आवळली. मग दादाच्या दोऱ्यावर एक.

हात थांबला. मी बघतच होते.

"बघतेस काय," ती म्हणाली. "दुसरी उद्या."